लेन्सचा माउंट तुटल्यावर: घरी बदलण्याची रीत आणि कंपनीकडे पाठवण्याची वेळ

गेल्या लग्नसराईत नागपूरच्या वर्धा रोडवरील एका मंगल कार्यालयात, वरमाला पडत असतानाच्या गर्दीत, माझ्या भाच्याच्या खांद्यावरून कॅमेऱ्याचा पट्टा निसटला आणि कॅमेरा लेन्सच्या बाजूने फरशीवर आदळला. उचलला तेव्हा बॉडी एका हातात आणि १८-५५ मिमीची लेन्स दुसऱ्या हातात आली. लेन्सच्या मागील काळ्या प्लॅस्टिकच्या कड्याला, म्हणजे लेन्स बॉडीत अडकवणाऱ्या माउंटला, ज्या तीन पाकळ्या असतात त्यांपैकी दोन मुळापासून तुटल्या होत्या आणि त्यांतील एक अजून बॉडीच्या खोबणीत अडकून बसली होती. “मामा, दोन थेंब टाकून चिकटवू का?” असे त्याने विचारले, आणि असा प्रसंग आलेला जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो.

चिकटवू नये. लेन्सचा सगळा भार या तीन पाकळ्यांवर तोललेला असतो आणि मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीच्या तुकड्याला गोंदाने पूर्वीचे बळ येत नाही. शिवाय झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ जवळच्या काचेवर पांढरट थर धरते आणि तो मागील काचेवर बसला की तुटलेल्या कड्याहून मोठे काम होऊन बसते. कडेच बदलावे लागते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: स्वस्त लेन्सचे प्लॅस्टिकचे कडे तुटल्याबद्दल लोक कंपनीला बोल लावतात, पण या पडण्यात ते कडे तुटल्यामुळेच बॉडीचे कडे आणि आतला, फोटो टिपणारा सेन्सर वाचला. घरातील फ्यूज उडाल्यावर आपण फ्यूजवर रागावत नाही, तसेच हे आहे.

आता हे कडे घरी बदलावे की कंपनीच्या सर्व्हिसकडे पाठवावे, याचा निर्णय बहुतेक जण स्क्रू किती आहेत आणि आपला हात किती स्थिर आहे यावरून करतात. माझ्या मते तो त्या कड्याखाली कोणते माप दडलेले आहे, यावरून करावा. माउंट हे नुसते झाकण नव्हे. लेन्स आणि सेन्सर यांच्यातील अंतर तोच ठरवतो, आणि लेन्स सेन्सरसमोर सरळ उभी राहील की कलती, हेही तोच ठरवतो. निकॉनच्या १९५९ पासून चालत आलेल्या एफ माउंटमध्ये कड्याच्या पृष्ठभागापासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी आहे, कॅननच्या १९८७ च्या ईएफ माउंटमध्ये ४४ मिमी, सोनीच्या ई माउंटमध्ये १८ मिमी आणि निकॉनच्या झेड माउंटमध्ये १६ मिमी. या अंतरात किती चूक खपते याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात ०.०२ मिमीपर्यंतचा धूसर ठिपका डोळ्याला ठिपकाच वाटतो असे धरले, तर त्याला अ‍ॅपर्चरच्या (लेन्समधील प्रकाशाच्या छिद्राच्या) आकड्याने गुणावे. एफ १.८ ला उत्तर येते ०.०३६ मिमी, एफ ३.५ ला ०.०७ मिमी. झेरॉक्सचा साधा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. म्हणजे कड्याखाली एका बाजूला कागदाचा कपटा राहिला तरी फोटोची एक बाजू हातची गेलीच म्हणून समजावे.

यातही एक बारकावा आहे. सगळ्या बाजूंनी सारखीच चूक झाली तर ऑटोफोकस ती बऱ्याच अंशी सांभाळून घेतो, कारण तो त्याच लेन्समधून पाहून फोकस करतो. लेन्स सेन्सरपासून जरा जास्त दूर गेली तर दूरच्या वस्तूवर फोकस लागेनासा होतो आणि जरा जवळ आली तर फोकसची रिंग अनंताच्याही पुढे जाते, इतकेच. पण लेन्स कलती बसली तर कोणताही ऑटोफोकस ती सरळ करू शकत नाही. मधोमध सगळे लख्ख दिसते आणि ग्रुप फोटोत डाव्या टोकाचे काका-काकू धूसर येतात.

म्हणून घरचे काम कोणते, तर प्लॅस्टिकचे कडे असलेली, हलकी, वॉरंटी संपलेली, कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी किट लेन्स, जिला पडल्यामुळे फक्त कड्याला इजा झाली आहे. झूम आणि फोकसची रिंग पूर्वीसारखी गुळगुळीत फिरते का, कानाशी धरून हलवल्यावर आत काही खळखळते का, समोरची नळी एका बाजूला झुकली आहे का, हे आधी पाहावे. यांपैकी काहीही बिघडलेले असेल तर कडे बदलून उपयोग नाही. वॉरंटी शिल्लक असल्यास एकही स्क्रू फिरवू नये. धातूचे कडे असलेली मोठ्या अ‍ॅपर्चरची किंवा दीड-दोन किलोची टेली लेन्स असेल, किंवा मार बॉडीच्या बाजूच्या कड्याला बसला असेल, तर ते काम घरचे नाही. बॉडीच्या कड्यामागे स्प्रिंग आणि लॉकची पिन असते, ते कडे सेन्सरला समांतर बसवणे डोळ्यांनी जमत नाही, आणि त्याही पुढे जाऊन बॉडी उघडली तर आतील फ्लॅशचा वीज साठवणारा कपॅसिटर बॅटरी काढल्यानंतरही जोरदार झटका देऊ शकतो.

ही मर्यादा मी स्वतः एकदा ओलांडली आहे. ताडोब्याच्या कच्च्या रस्त्यावर जिप्सीच्या लोखंडी दांडीवर आपटलेली ७०-२०० मिमीची एफ २.८ लेन्स, कडे जरा हलते आहे एवढ्यावरून, मी घरी उघडली. कड्याखाली पितळेच्या पातळ चकत्यांचे तुकडे होते, त्यांना शिम म्हणतात, आणि त्यांची जाडी काही शतांश मिलिमीटर असते. एक तुकडा कड्याला चिकटून वर आला, मोझॅकच्या ठिपकेदार फरशीवर पडला, पंधरा मिनिटांनी सापडला, आणि तो कोणत्या स्क्रूखालचा होता हे मला सांगता येईना. अंदाजाने बसवला. पुढचे दोन महिने प्रत्येक फोटोची डावी बाजू मऊ येत राहिली आणि शेवटी लेन्स सर्व्हिसला पाठवावीच लागली.

भाच्याची लेन्स मात्र घरीच दुरुस्त करण्याजोगी होती, म्हणून तिची रीत सविस्तर सांगतो.

नवे कडे मागवताना लेन्सवर छापलेले पूर्ण नाव अक्षरन् अक्षर जुळवावे. १८-५५ मिमी या एकाच नावाखाली प्रत्येक कंपनीने अनेक आवृत्त्या काढल्या आहेत आणि एकीचे कडे दुसरीला बसेलच असे नाही. प्लॅस्टिकचे कडे ऑनलाइन काही शे रुपयांत मिळते. काही लेन्ससाठी बाहेरच्या बनावटीचे धातूचे कडेही मिळते. ते मजबूत वाटते, पण पुढच्या वेळी कॅमेरा पडला तर मार थेट बॉडीला जाईल, हे लक्षात घेऊन मी ते टाळतो. कडे हाती आल्यावर डिजिटल व्हर्नियरने (बारीक जाडी मोजण्याच्या साधनाने) जुन्या आणि नव्या कड्याची जाडी तीन-तीन ठिकाणी मोजून पाहावी आणि फरक डोळ्यांत भरण्याजोगा असेल तर ते परत करावे.

खरा खर्च पेचकसावर करावा. जपानी लेन्समधील अधिक-चिन्हाचे स्क्रू जेआयएस या जपानी मापाचे असतात आणि आपल्याकडे सरसकट मिळणाऱ्या फिलिप्स पेचकसाचे टोक त्यांत पूर्ण खोल बसत नाही. जोर लावला की ते वर उचलले जाते आणि स्क्रूचे डोके खरवडून गोल होते. जेआयएसचे शून्य आणि डबल शून्य मापाचे दोन पेचकस, एक टोकदार प्लॅस्टिकचा चिमटा, हवेचा रबरी फुगा आणि दुहेरी चिकटपट्टी एवढे साहित्य पुरते.

जागा आणि वेळ निवडणे नागपुरात विशेष महत्त्वाचे आहे. मे महिन्यात कूलर बंद करून बसणे जिवावर येते हे खरे, पण कूलरच्या झोतात दमट हवा आणि वाळ्याच्या ताट्यांची कुसळे दोन्ही येतात, आणि पंख्याखाली लहान स्क्रू व धूळ दोन्ही उडतात. पहाटे पाच-सहाची वेळ त्यातल्या त्यात बरी. हिवाळ्यात हवा इतकी कोरडी असते की स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. तेव्हा कामाला बसण्यापूर्वी लोखंडी कपाटाला किंवा नळाला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी. टेबलावर फिकट रंगाचा टॉवेल अंथरावा, म्हणजे पडलेला स्क्रू घरंगळत नाही आणि दिसतोही.

सर्वप्रथम बॉडीतील अडकलेला तुकडा काढावा. बॅटरी काढून, बॉडी तोंड खाली करून धरावी, म्हणजे कण आत न जाता बाहेर पडतील, आणि तुकडा चिमट्याने हळूच सरकवून काढावा. ही पायरी विसरून नवी लेन्स लावली तर तोच कण आरशाच्या किंवा शटरच्या वाटेत जातो.

मग लेन्सच्या पुढे टोपण लावून ती टॉवेलवर उभी ठेवावी आणि प्रत्येक पायरीआधी मोबाइलवर फोटो काढावा. कड्याच्या आतील बाजूस, सोनेरी पिनांच्या ठोकळ्याला धरून ठेवणारे दोन अगदी लहान स्क्रू असतात; ते आधी काढावेत. नंतर कड्यावरचे मोठे स्क्रू, बहुधा तीन किंवा चार. पेचकस अगदी उभा धरावा, दाबण्याचा जोर जास्त आणि फिरवण्याचा कमी ठेवावा. स्क्रू हलत नसेल तर त्यावर कारखान्यात स्क्रू जखडून ठेवणाऱ्या गोंदाचा थेंब टाकलेला असतो. सोल्डरिंगच्या टोकाने स्क्रूचे डोके क्षणभर गरम केले की तो सुटतो. अ‍ॅसिटोन वापरू नये, ते प्लॅस्टिक विरघळवते. निघालेले स्क्रू दुहेरी चिकटपट्टीवर, ज्या ठिकाणाहून निघाले त्याच मांडणीत ठेवावेत, कारण त्यांची लांबी सारखी असेलच असे नाही.

कडे उचलताना ते सरळ वर, बोटभरापेक्षा कमी, उचलून थांबावे. पिनांच्या ठोकळ्याला चिकटलेली पातळ फ्लेक्स पट्टी (तारांऐवजी असणारी लवचिक पट्टी) येथे ताणली जाते आणि घरच्या दुरुस्तीत फाटते ती बहुधा हीच. ठोकळा कड्यातून मोकळा करून लेन्सवरच राहू द्यावा. निकॉनच्या एफ माउंटच्या बहुतेक लेन्समध्ये अ‍ॅपर्चरचा एक लहान लिव्हर असतो. तो कुठे अडकलेला आहे आणि बोटाने सरकवून सोडल्यास कोणत्या दिशेने परत येतो, हे या वेळी नीट पाहून घ्यावे. कड्याखाली चकत्या दिसल्या तर त्यांना हात लावण्यापूर्वी फोटो काढावा आणि त्या जशाच्या तशा राहू द्याव्यात. त्या सुट्या तुकड्यांच्या रूपात असतील आणि एखादा जागचा हलला असेल, तर माझ्या अनुभवावरून शहाणे व्हावे आणि तेथेच थांबावे.

नवे कडे ठेवण्यापूर्वी बसण्याची जागा फुग्याने स्वच्छ करावी. लिव्हर आपल्या खाचेत, पिनांचा ठोकळा आपल्या चौकटीत, आणि कड्यावरची जुळणीची खूण जुन्या फोटोप्रमाणे. आता स्क्रू. प्लॅस्टिकमध्ये स्क्रूने स्वतःच आटे पाडलेले असतात, त्यामुळे तो सरळ फिरवला तर नवे आटे पडून जुने मोडतात. म्हणून स्क्रू छिद्रावर ठेवून आधी उलट दिशेने अलगद फिरवावा. बोटांना एक सूक्ष्म ‘टक्’ जाणवते, म्हणजे जुना आटा सापडला. तेथून सुलट फिरवावा. सगळे स्क्रू आधी सैल लावून, मग समोरासमोरचे आळीपाळीने, दोन फेऱ्यांत आवळावेत. पेचकस दोन बोटांत धरून जेवढा जोर लागतो तेवढाच पुरे.

कंपनीकडे पाठवताना मिळते ते काम वेगळ्या जातीचे असते. तेथे लेन्स कॉलिमेटर या मोजणीच्या यंत्रावर लावून अंतर आणि कल दोन्ही मोजतात, लागतील तशा जाडीच्या चकत्या घालतात, आणि अलीकडच्या लेन्समध्ये साठवलेले फोकसचे आकडे कंपनीच्या सॉफ्टवेअरने दुरुस्त करतात. पैसे या मोजणीचे असतात, म्हणून अंदाजपत्रकात ती धरली आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. लेन्स नागपुरात फक्त स्वीकारतात आणि दुरुस्त दुसऱ्या शहरात करतात का, तसे असल्यास वाटेतील नुकसानीचा विमा कोणाकडे, अंदाजपत्रक नाकारले तर तपासणीचे किती द्यावे लागतील, हेही विचारावे. अनुक्रमांक स्पष्ट दिसेल असा फोटो काढून ठेवावा. किट लेन्सच्या बाबतीत येणारा आकडा कधी कधी तीच लेन्स जुन्या बाजारात जेवढ्यास मिळते त्याच्या जवळ जातो. महागड्या लेन्सच्या बाबतीत मात्र मी हल्ली घासाघीस करत नाही.

घरी काम केले असो वा बाहेर, तपासणी स्वतः करावी. लेन्स लावताना लॉकचा आवाज यावा आणि नंतर ती पुढे-मागे हलू नये. अ‍ॅपर्चर बदलून, ऑटोफोकस करून, पडद्यावर चुकीचा संदेश येत नाही हे पाहावे. भिंतीवर वर्तमानपत्राची चार पाने चारही कोपऱ्यांत आणि एक मध्यभागी चिकटवावे, कॅमेरा तिपाईवर भिंतीला अगदी समांतर ठेवावा आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून फोटो काढावा. मग कॅमेरा उलटा करून पुन्हा एक. धूसर भाग भिंतीवरच्या त्याच पानावर राहतो की कॅमेऱ्याबरोबर फिरून दुसऱ्या पानावर जातो, हे कळते. त्याच पानावर राहिला तर चूक भिंत आणि कॅमेरा यांच्या मांडणीत, फिरला तर लेन्समध्ये. दूरचा फोकस पाहण्यासाठी आम्ही गच्चीवरून सेमिनरी हिल्सचा टीव्ही टॉवर घेतला. रात्री चंद्रही चालतो.

भाच्याच्या लेन्सचा उजवा खालचा कोपरा पहिल्या चाचणीत मऊ आला. कडे पुन्हा काढले तेव्हा त्याखाली टॉवेलचा एक धागा सापडला, आणि तो काढल्यावर पाचही पाने सारखी वाचता आली. दुसऱ्यांदा उघडूनही कोपरा सुधारला नसता, तर मी स्क्रू परत लावून लेन्स सर्व्हिसला दिली असती. तिसऱ्यांदा उघडू नये, कारण तोवर प्लॅस्टिकमधील आटे ढिले होतात आणि मग नवे कडेही हलू लागते.