नागपुरात भाड्याने फ्लॅट घेताय? दुपारी दोनला बघायला जा

बजाजनगरात कॉलेजच्या पोरींनी भरलेल्या इमारतीत मी तीन वर्षं राहिले. पहिला फ्लॅट डिसेंबरात, संध्याकाळी बघितला. वरचा मजला, छान वारा, लगेच हो म्हटलं. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला आणि स्लॅब इतका तापायचा की रात्री बारालाही भिंतीला हात लावला तर गरम. म्हणून भर दुपारी जा आणि छताखाली दहा मिनिटं उभं राहा. वरचा मजला शक्यतो टाळाच.

मग कुलरचं बघा. खिडकीबाहेर स्टँड आहे का, जवळ प्लग आहे का, पाणी भरायला नळ किती लांब. आम्ही बाथरूममधून बादल्या वाहायचो, तेही परीक्षेच्या दिवसांत! गवताच्या जुन्या ताट्या होळीनंतर लगेच बदलून घ्या. कुलर हवा खेळती असेल तरच गार करतो, तेव्हा समोरची एक खिडकी उघडी ठेवा.

वरच्या टाकीत पाणी कधी चढवतात, हे मालकाला नाही, शेजारच्या पोरींना विचारा.

करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी हवीच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५नुसार ती जबाबदारी मालकाची आहे. माझ्याकडे कागद नव्हता, डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले गेले. आत शिरताना प्रत्येक भिंतीचा आणि विजेच्या मीटरचा फोटो काढा, मालकाला त्याच दिवशी पाठवा.