लेकरू कोणत्या जिल्ह्याचं?

नांदेड-परभणीकडची पोरं विचारतात, बालसंरक्षणाच्या कामात यायचंय, आधी काय वाचू? 2015 चा बाल न्याय कायदा वाचा, आणि त्यातलं कलम 95 सावकाश वाचा. एलएलबीला मी ते दोन मिनिटांत उरकलं होतं.

कामाला लागल्यावर पहिल्याच हंगामात एक फाइल आली. बीड जिल्ह्यातली पंधरा वर्षांची मुलगी पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडावरून निघून एसटी स्टँडवर सापडली होती. मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बालकल्याण समितीसमोर, म्हणजे अशा मुलांचा निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीसमोर, हजर करायचं असतं. तिला तिथल्या समितीसमोर हजर केलं. पण तिचा जिल्हा वेगळा. कलम 95 अशा वेळी लागतं: मुलाचं हित पाहून, मूळ जिल्ह्याच्या समितीशी बोलून मूल तिकडे पाठवता येतं. त्यासाठी घरची चौकशी माझ्याकडे आली. या चौकशीला, म्हणजे सामाजिक तपासणीला, 15 दिवस असतात. मी गावात गेलो, दाराला कुलूप, आणि लिहून टाकलं: ‘पालक संपर्कात नाहीत’. ती माझी मोठी चूक. दिवाळीनंतर लोक ऊसतोडीला जातात, त्या गल्लीत बहुतेक दारांना कुलूपच असतं. टोळीच्या मुकादमाला एक फोन केला असता तर आईबाप कोणत्या कारखान्यावर आहेत ते कळलं असतं. आजी तर शेजारच्याच घरात होती. त्या एका ओळीमुळे पोरगी महिनाभर जास्त बालगृहात राहिली.

नांदेड जिल्ह्यातल्या किनवटची गोष्ट आणखी वेगळी. तिथली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे घटनेनुसार जाहीर झालेल्या आदिवासी भागात, येतात. अशा भागांसाठीचा 1996 चा पेसा कायदा ग्रामसभेला रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार देतो. तरी मुलाचा निर्णय जिल्ह्याची समितीच घेते. अमेरिकेत 1978 पासून मूलनिवासी मुलांसाठी वेगळा कायदा आहे: घरापासून दूर ठेवायची वेळ आली तर आधी नातेवाईक, मग त्याच जमातीतलं घर. कॅनडाने 2019 मध्ये मूलनिवासींचा स्वतःचे बालकल्याण कायदे करण्याचा अधिकार मान्य केला, 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. आपल्याकडे असं काही नाही. पण मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचाच उपाय, हे आपल्याही कायद्याच्या कलम 3 मध्ये आहे. म्हणून अहवालात नातेवाईकांची नावं भरणं तुमच्या हातात आहे.

कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, जाताना कोलामी बोलणारं कुणीतरी सोबत न्या. मी मराठीत विचारलं तेव्हा म्हातारी नुसती मान हलवत होती. अंगणवाडीताईने कोलामीत विचारल्यावर तिने मुलाच्या मामाचं गाव सांगितलं.