लावलेल्या कांदळवनाची माती नैसर्गिक कांदळवनाशी कशी ताडून पाहावी

कोकणातील खाड्यांच्या काठी कांदळवनाची पुन्हा लागवड झाली की काही वर्षांतच तिवर आणि कांदळ डोक्याच्या वर जातात आणि ते हिरवेपण पाहून काम पूर्ण झाले असे मानले जाते. माती मात्र झाडांच्या बरीच मागे राहिलेली असते. जगभरातील ६२१ पाणथळ जागांच्या नोंदी एकत्र करून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुनरुज्जीवनाला शतक उलटल्यावरही अशा जागांचे जैव-रासायनिक कार्य नैसर्गिक जागांपेक्षा सरासरी २३ टक्के कमी आढळले, आणि त्यामागे मुख्यतः मातीत साठणाऱ्या कर्बाची तूट होती. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो उपसागरात उभारलेल्या खाऱ्या दलदलीत भरड वाळूला नत्र धरून ठेवता आले नाही. गवत आखूड राहिले, आणि नत्रखत दिले तेव्हा वाढलेली उंची खत थांबताच टिकली नाही.

तुलनेचे सगळे बळ जागेच्या निवडीत आहे. नैसर्गिक कांदळवन त्याच खाडीतले, मुखापासून साधारण तेवढ्याच अंतरावरचे आणि शक्यतो त्याच जातीच्या झाडांचे असावे. त्याहून महत्त्वाची आहे ती जमिनीची उंची, कारण जी जमीन रोजच्या भरतीत बुडते आणि जिथे केवळ उधाणाचे पाणी पोहोचते, त्या दोन्हींची माती मुळातच वेगळी घडते. ही उंची ताडण्यासाठी जवळजवळच्या दोन्ही जागी बांबू रोवावेत आणि एकाच भरतीला चिखलावर किती पाणी चढले ते मोजावे. पाण्याची खोली सारखी भरली तरच त्या जागा तुलनेच्या. कांदळवनात शिरण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी.

दोन्ही जागांचे नमुने एकाच आठवड्यात, ओहोटीला घ्यावेत, कारण पावसाळ्यात गोडे पाणी आणि नवा गाळ येऊन क्षारता व नत्र दोन्ही बदलतात. प्रत्येक जागी एकमेकांपासून दूर असे किमान पाच नमुने, खेकड्यांची बिळे टाळून घ्यावेत. धारदार कडेची पीव्हीसी नळी सरळ दाबावी आणि नळीच्या आतील व बाहेरील चिखलाची पातळी मोजून माती किती दबली ते लिहून ठेवावे. ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर हे थर वेगळे ठेवावेत; शक्य असल्यास १ मीटरपर्यंत जावे, कारण जुन्या कांदळवनाचा बराचसा कर्ब खोलवर असतो.

सामू (मातीची आम्लता दाखवणारा आकडा, pH) तिथेच, ओल्या मातीत मोजावा. बांध घालून कोरड्या केलेल्या खाजणात पुन्हा खाडीचे पाणी घेतले असेल तर याकडे विशेष लक्ष द्यावे: चिखलातील लोह-गंधक संयुगे हवेत वाळली की आम्ल तयार होते आणि वाळवलेल्या नमुन्याचा सामू दिशाभूल करतो. नत्रासाठी ओली माती बर्फात ठेवून लवकर प्रयोगशाळेत न्यावी आणि अमोनियम मोजण्यास सांगावे. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात नायट्रेट फारसे टिकत नाही, त्यामुळे शेतजमिनीचा नेहमीचा नायट्रेट अहवाल येथे अपुरा पडतो. कर्बाच्या नमुन्यातील शिंपले आणि जिवंत मुळे दोन्ही जागांसाठी एकाच पद्धतीने काढावीत. कर्ब मोजण्याची डायक्रोमेट पद्धत (रसायनाने कर्ब जाळून मोजण्याची रीत) वापरली जाणार असेल, तर मिठातील क्लोराइडमुळे कर्ब जास्त दिसतो हे प्रयोगशाळेला आधीच सांगावे.

सर्वांत जास्त घोटाळा टक्केवारीत होतो. समजा, नैसर्गिक मातीत कर्ब ४ टक्के आणि घनता दर घन सेंटिमीटरला ०.५ ग्रॅम आहे. लावलेल्या जागी कर्ब २ टक्के, पण घनता १ ग्रॅम आहे. टक्केवारीत दुप्पट फरक दिसतो, तरी १५ सेंटिमीटरच्या थरात दोन्हीकडे हेक्टरी ३० टनच कर्ब भरतो. म्हणून ठरावीक घनफळाचा नमुना १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवून घनता काढलीच पाहिजे, आणि टक्केवारी व साठा हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत: साठा सारखा असूनही माती घट्ट असेल, तर मुळे आणि पाणी यांना तिथे अजून वाट मिळालेली नाही.

जास्त पोषकद्रव्ये म्हणजे जास्त सुधारणा, असेही मानू नये. ठाणे खाडीसारख्या ठिकाणी शहराचे सांडपाणी मिसळते, आणि तेथील वाढलेला नत्र त्या सांडपाण्याचा असू शकतो. स्फुरदाचे (फॉस्फरसचे) वागणे आणखी गुंतागुंतीचे आहे. जांभ्याच्या प्रदेशातून येणाऱ्या गाळात लोह भरपूर असते, हवा असेपर्यंत स्फुरद त्याला चिकटून राहतो आणि पाण्याखाली सुटतो. त्यामुळे दोन जागांतील फरक लागवडीच्या वयाचा नसून पाणी साचण्याचा असू शकतो. अहवालात घनता, क्षारता आणि भरतीची खोली यांशिवाय एकही आकडा देऊ नये.

प्रत्येक नमुन्याची थोडी वाळवलेली माती लागवडीचे वर्ष, जागा आणि थराची खोली लिहून हवाबंद बरणीत राखून ठेवावी, म्हणजे पाच-दहा वर्षांनी प्रयोगशाळा किंवा पद्धत बदलली तरी जुन्या आणि नव्या मातीचा कर्ब एकत्र तपासून घेता येईल.