एलपी मॅनेजर झालात? आधी मागच्या दाराला जा

सुपरमार्केटमध्ये लॉस प्रिव्हेन्शनला (एलपी), म्हणजे मालाची चोरी-गळती रोखायच्या कामाला नवीन लागलात की पहिल्याच दिवशी गेटवर उभं राहून गिऱ्हाइकांच्या पिशव्या न्याहाळत बसू नका, आधी मागच्या दाराला जा, जिथे टेम्पोतून माल उतरतो तिथे. चलनावर १२ पेट्या, उतरल्या ११, आणि पोरगं घाईत १२ वर सही मारून मोकळं, आता हा माल शोधा कॅमेऱ्यात! सिस्टीममधला स्टॉक वजा हातानं मोजलेला स्टॉक, हाच तो श्रिंकेज, आणि ब्लेड, डिओ, तूप, बेबी फूड असल्या लहान पण महाग मालाचा तरी तो रोज मोजायचा.

मग कॅशचे रिपोर्ट. एकाच कॅशियरच्या नावावर व्हॉइड (रद्द केलेली बिलं) आणि रिटर्न जास्त दिसले तर लगेच आरडाओरडा नको, बिलाची वेळ बघून तेवढंच फुटेज काढा, समोर गिऱ्हाईकच नाही तर रिटर्न घेतलं कोणाकडून? आणि ते लगेच कॉपी करून ठेवा, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर जुनं पुसत जातो, मी एकदा असाच हात चोळत बसलोय.

गिऱ्हाईक सापडलंच तर अंगाला हात नाही, झडती नाही, कोंडून ठेवणं तर अजिबात नाही, उलटी केस तुमच्यावरच व्हायची. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात ५,००० रुपयांच्या आतली चोरी तशी अदखलपात्रच धरलीय. त्यापेक्षा हळूच "ताई, एक आयटम बिलात घ्यायचा राहिला का?" विचारा, बऱ्याचदा वस्तू मुकाट काउंटरवर येते.