सायकल ऑनलाइन घ्यावी की दुकानातून? आधी या चुका टाळा

ओळखीपाळखीच्या लोकांना सायकल निवडून देण्याचे आणि बिघडलेली सायकल पाहून देण्याचे काम मी पुण्यात कितीतरी वर्षे आवडीने करत आलो आहे. 2020च्या टाळेबंदीनंतर सायकलींची मागणी एकदम वाढली, दुकानांत हव्या त्या मापाच्या सायकली मिळेनात आणि अनेकांनी पहिल्यांदाच मोबाइलवरून सायकल मागवली. तेव्हापासून रविवारी सकाळी माझ्यापुढे येणाऱ्या तक्रारींचे स्वरूप बदलले. पूर्वी लोक पंक्चर, ढिली चेन किंवा चाकाचा आउट, म्हणजे चाक डगमगणे, अशा वापराने होणाऱ्या बिघाडांसाठी येत. आता महिनाभराच्या कोऱ्या सायकली येतात आणि त्यांचे दुखणे बहुतेक वेळा खरेदीच्या दिवशीच सुरू झालेले असते.

ऑनलाइन आणि दुकान यांची तुलना करताना एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. दुकानदाराकडेही सायकल तयार होऊन येत नाही. जुन्या काळी फ्रेम, रिम, आरे, हब, मडगार्ड असे सुटे भाग दुकानात येत आणि मिस्त्री चाके विणून सायकल उभी करीत असे. आज त्याच्याकडेही खोकेच येते. ऑनलाइन जाहिरातीत सायकल ‘85 टक्के जुळवलेली’ असल्याचे लिहिलेले असते आणि उरलेले 15 टक्के काम किरकोळ असेल, असे ग्राहक धरून चालतो. ते 15 टक्के म्हणजे पुढचे चाक, हँडल, पायडले, सीट आणि ब्रेकची जुळणी. तुम्हाला रस्त्यावर सुखरूप ठेवणारे जवळजवळ सगळे भाग त्यातच येतात. म्हणून सायकल कुठून घ्यायची याआधी ती कोणाच्या हातून जुळवून घ्यायची, हे मी विचारतो.

पहिली चूक: व्हिडिओ पाहून घरीच जुळणी

आमच्या सोसायटीतल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने जूनमध्ये गियरची सायकल ऑनलाइन मागवली. जवळच्या दुकानात तीच सायकल 1,200 रुपयांनी महाग होती. खोक्यासोबत आलेल्या एलन की, म्हणजे षटकोनी चाव्या, आणि पत्र्याचा पान्हा वापरून त्याने पाऊण तासात ती जुळवली आणि तीन आठवडे चालवली. एका रविवारी तो कात्रजच्या जुन्या घाटात जायला निघाला असताना मी त्याला वाहनतळात वळताना पाहिले, तेव्हा त्याच्या बुटाचे टोक पुढच्या चाकाला घासत होते. मी त्याला थांबवून सायकल पाहिली. चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुपायी भाग, उलटा बसवलेला होता.

ही चूक इतक्यांदा पाहिली आहे की तिचे कारण नीट सांगायला हवे. सायकल खोक्यात मावावी म्हणून कारखान्यात पुढचे चाक काढून बाजूला बांधतात आणि चिमटा अनेकदा मागे फिरवून ठेवतात. खोके उघडणारा माणूस चिमटा दिसतो तसाच ठेवून वर हँडल बसवतो आणि खाली चाक लावतो. मग ब्रेकची केबल हँडलभोवती पीळ घेते आणि ‘केबल आखूड दिली आहे’ अशी तक्रार कंपनीकडे जाते. चिमट्याचा खालचा भाग पुढच्या दिशेने झुकलेला असतो आणि सायकल सरळ जाण्याचे, वळण घेण्याचे सारे गणित त्या झुकावावर बसवलेले असते. चिमटा उलटा झाला की चाक मागे सरकते, पायाशी त्याचे अंतर कमी होते आणि हँडल हातात विचित्र वागू लागते. ओळखायची खूण सोपी आहे. व्ही-ब्रेकचे, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणाऱ्या ब्रेकचे, हात चिमट्याच्या पुढच्या बाजूला दिसले पाहिजेत आणि डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चकतीला चिमटीत धरणारा भाग, चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला असला पाहिजे. तो उजवीकडे आला असेल, तर चिमटाही उलटा आहे आणि चाकही.

चिमटा सरळ करून देईपर्यंत मला आणखी एक चूक दिसली होती. डावे पायडल किंचित तिरके उभे होते. सायकलच्या उजव्या पायडलाचे आटे नेहमीसारखे, तर डाव्याचे उलटे असतात, कारण तसे नसते तर पाय मारता मारताच डावे पायडल सैल होत गेले असते. पायडलांवर ‘एल’ आणि ‘आर’ अशी अक्षरे कोरलेली असतात. या मुलाने ती पाहिली नव्हती. उजवे पायडल डावीकडे हाताने बसत नाही म्हटल्यावर त्याने पान्हा लावून ते रेटले. पायडलाचा दांडा पोलादाचा आणि पायडल ज्यात बसते ती क्रँक अॅल्युमिनियमची, त्यामुळे दांड्याने क्रँकमध्ये स्वतःचे आटे कापले. मी पायडल बाहेर काढले, तेव्हा अॅल्युमिनियमची चकचकीत भुकटी माझ्या बोटांना लागली आणि भोकात आटा म्हणून काही उरलेला नव्हता. त्या मॉडेलची डावी क्रँक सुटी मिळत नव्हती. पूर्ण क्रँकसेट 1,800 रुपयांना पडला आणि तो येईपर्यंत सायकल तीन आठवडे उभी राहिली. वाचवलेले 1,200 रुपये तर गेलेच. ते पायडल घाटाच्या उतारावर, त्याने सारा भार त्यावर टाकलेला असताना निखळले असते तर काय झाले असते, याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

माझी स्वतःची सवय सांगतो. पायडलाच्या आट्यांना आधी ग्रीस लावतो आणि पहिले तीन-चार फेरे केवळ बोटांनी देतो. बोटांनी फिरत नसेल, तर काहीतरी चुकले आहे असे समजून तिथेच थांबतो. पान्हा शेवटी, फक्त आवळण्यापुरता. पान्ह्याचे टोक वर ठेवून ते पुढच्या चाकाकडे नेले की दोन्ही पायडले घट्ट होतात. एवढे लक्षात राहिले तर उलटसुलट आट्यांचा गोंधळ होत नाही.

व्हिडिओ पाहून शिकायला माझी हरकत नाही. मीही चुका करतच शिकलो आहे. ज्याला नवी सायकल त्याच संध्याकाळी चालवायची असते, त्याने मात्र हे काम स्वतः करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या भागात चांगला मिस्त्री जुळणीचे पाचशे ते हजार रुपये घेतो. ते देणे ज्यांना जड वाटते, त्यांनी ऑनलाइन खरेदीच करू नये. खोके मागवण्याआधीच मिस्त्रीशी बोलून ठेवावे, कारण काही दुकानदार बाहेरून आणलेली सायकल जुळवून देत नाहीत आणि त्यात त्यांचे फारसे चुकते असेही मला वाटत नाही. शिवाय अनेक कंपन्यांच्या वॉरंटीत अधिकृत विक्रेत्याकडून जुळणी करून घेण्याची अट असते. ती अट खोके उघडण्याआधी वाचली, तरच तिचा उपयोग.

दुसरी चूक: चाकाच्या मापाला सायकलचे माप समजणे

‘माझी उंची साडेपाच फूट आहे, मला 26ची बसेल की 29ची?’ हा प्रश्न दर महिन्याला एकदा तरी येतो. जाहिरातीतले ‘26टी’, ‘27.5टी’, ‘29टी’ हे आकडे चाकाचे आहेत. तुमच्या शरीराला सायकल बसते की नाही हे फ्रेमच्या मापावरून ठरते आणि ते माप त्याच पानावर खाली कुठेतरी ‘17 इंच’ किंवा ‘मीडियम’ असे लिहिलेले असते. स्वस्त ऑनलाइन सायकली बहुधा एकाच फ्रेममापात येतात आणि वर केवळ ‘15 वर्षांपुढील सर्वांसाठी’ असे छापलेले असते.

माझ्या कार्यालयातील एका सहकारी बाईंची उंची पाच फूट एक इंच आहे. त्यांनी चित्र पाहून 29टीची, 18 इंची फ्रेमची सायकल घेतली. सीट पार खाली उतरवल्यावर पाय जेमतेम टेकत होते, म्हणून त्यांना माप बरोबर वाटले. खरी अडचण हँडल फार लांब पडण्याची होती. दोन आठवड्यांत त्यांचे तळहात बधिर होऊ लागले, मान आखडली, आणि सायकलिंग आपल्याला मानवत नाही, असा निष्कर्ष काढून त्यांनी ती निम्म्या किमतीला विकली. दुकानात दहा मिनिटे एखादी छोट्या फ्रेमची सायकल चालवली असती, तर त्या आजही सायकल चालवत असत्या. मला सगळ्यात जास्त वाईट वाटते ते अशा माणसांचे.

दुकानात जाण्याचा सर्वांत मोठा फायदा हाच, की सायकलवर बसून पाहता येते. आडव्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून सपाट जमिनीवर उभे राहावे. दांडी आणि शरीर यांत निदान एक-दोन इंच जागा सुटली पाहिजे. मग सीटवर बसून टाच खालच्या पायडलावर ठेवल्यावर पाय जवळजवळ सरळ व्हावा आणि हँडल धरताना कोपर थोडे वाकलेले राहावेत. दुकानदार ‘सीट खाली करून देतो, बसेल’ म्हणाला, तर समजावे की तो दुकानात असलेले माप तुमच्या गळ्यात घालतो आहे. सीट उंचीपुरती हलते, फ्रेमची लांबी तशीच राहते.

मुलांच्या बाबतीत हीच चूक वाढत्या अंगाचे कपडे घेतल्यासारखी केली जाते. आपण मोठ्यांच्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकलो, म्हणून मुलानेही दोन मापे मोठी सायकल वापरावी, हा आग्रह सोडावा. शिकणाऱ्या मुलाचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत.

तिसरी चूक: खोके घाईने उघडणे आणि लगेच फेकणे

वाहतुकीत खोके उजव्या बाजूवर आपटले, तर मागचे गियर बदलणारा डिरेलर ज्या पातळ पट्टीवर लटकतो तो हँगर वाकतो. बाहेरून काहीच दिसत नाही. गियर नीट पडत नाहीत म्हणून माणूस स्क्रू पिळत बसतो आणि मग एखाद्या चढावर सर्वांत हलका गियर टाकला की वाकलेला डिरेलर आऱ्यांत शिरतो. आरे, डिरेलर आणि कधी कधी फ्रेमचे टोकही एका क्षणात जाते. सायकलच्या मागे बसून पाहावे. दोन छोट्या दातेरी चकत्या धरणारा डिरेलरचा पिंजरा चाकाला समांतर, ओळंब्यात दिसला पाहिजे. हँगर फ्रेमप्रमाणे वेगळा असतो, म्हणून तुमच्या मॉडेलचा एक जादा घेऊन ठेवा. दुकानातून घेतली तर ही तपासणी मिस्त्रीनेच केलेली असते, निदान तशी अपेक्षा धरता येते आणि नसेल केली तर त्याच्या दारात जाता येते.

खोके उघडतानाचा सलग व्हिडिओ काढावा आणि पहिली फेरी होईपर्यंत खोके जपून ठेवावे. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल, तर चाक बसवण्याआधी लिव्हर दाबू नये, पॅड एकमेकांना चिकटतात.

किमतीची तुलना करताना

नुसती सायकल आणि जुळवलेली सायकल यांच्या किमती शेजारी ठेवू नयेत. ऑनलाइन किमतीत जुळणी मिळवावी, स्टँड, मडगार्ड, घंटी, कुलूप मिळवावे आणि दुकानदार देतो त्या पहिल्या एक-दोन मोफत सर्व्हिसिंगची किंमतही धरावी. माझ्या अनुभवात मग फरक पाच-सहाशेच्या आत येतो, क्वचित उलटाही होतो.

‘बिल नको असेल तर कमी करतो’ असे म्हणणाऱ्या दुकानातून मी कधीच सायकल घेत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. करासह 15,000 रुपयांच्या सायकलवर त्यामुळे सुमारे 715 रुपये कर बसतो आणि तेवढ्यासाठी फ्रेमची वॉरंटी व चोरी झाल्यास दाखवायचा पुरावा सोडून देणे मला पटत नाही. बिलावर फ्रेम क्रमांक लिहून घ्यावा. तो बहुतेक वेळा पायडलांच्या दांड्याखाली, फ्रेमच्या पोटाला कोरलेला असतो.

दुकानात तासभर घालवून, चार सायकली चालवून माप ठरवायचे आणि तिथेच उभे राहून मोबाइलवर मागणी नोंदवायची, ही पद्धत मला मनापासून नापसंत आहे. तो मिस्त्री सहा महिन्यांनी तुम्हाला लागणारच आहे.

राहिलेल्या छोट्या चुका

21 गियर म्हणजे पुढे तीन आणि मागे सात चकत्या, त्यातले कित्येक गियर एकमेकांसारखेच असतात. रोजच्या सपाट पाच किलोमीटरसाठी सात पुरे. दहा हजारांच्या आतल्या सायकलला दोन्हीकडे सस्पेन्शन घेऊ नये, कारण तिथे केवळ वजन विकत मिळते. याच किमतीत स्वस्त डिस्कपेक्षा चांगला व्ही-ब्रेक मी केव्हाही घेईन. नवा टायर ‘26चा द्या’ म्हणून मागू नये. 26 इंच नावाची एकाहून अधिक मापे आहेत, म्हणून जुन्या टायरच्या बाजूवरचा 54-559 असा आकडा पाहून मागावा. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसारखा जाड आहे की बारीक प्रेस्टा, हे आधी पाहून घ्यावे. प्रेस्टा असेल, तर पेट्रोल पंपावर अडॅप्टरशिवाय हवा भरता येत नाही.

सायकल कुठूनही घेतली, तरी घरी नेण्याआधी मी पुढचा ब्रेक दाबून ती पुढे-मागे हलवतो. हँडलच्या मुळाशी टकटक जाणवली, तर हेडसेट, म्हणजे चिमटा ज्यावर फिरतो ते बेअरिंग, सैल आहे. मग पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहतो. चाक न हलता हँडल फिरले, तर स्टेमचे, म्हणजे हँडलला चिमट्याशी जोडणाऱ्या भागाचे, बोल्ट आवळलेले नाहीत. दोन्ही चाके उचलून फिरवतो आणि ब्रेकच्या रबराशी रिम डगमगते का ते पाहतो. पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्ये केबल थोड्या ताणतात आणि आरे जागेवर बसतात, त्यामुळे गियर करकरू लागतात आणि चाकाला थोडा आउट येतो. पुष्कळ जण या टप्प्यावर सायकल वाईट निघाली म्हणून परत करायला निघतात, पण ती तेव्हा फक्त पहिल्या सर्व्हिसिंगला आलेली असते. महिना पुरा होण्याआधी ती मिस्त्रीकडे नेऊन केबल ताणून, चाकांचा आउट काढून घ्यावा आणि डाव्या क्रँकचा बोल्ट एकदा आवळून घ्यावा. हा बोल्ट सैल होऊन क्रँक खराब झालेल्या दोन सायकली याच पावसाळ्यात माझ्याकडे आल्या.