कंटेनरने बनवलेल्या फायली रूटच्या नावावर गेल्या, तर

फोल्डर माउंट करून (कंटेनरला आतून दिसेल असं जोडून) डॉकरमधून, म्हणजे प्रोग्रॅम बंदिस्त कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनातून, एफएफएमपेग हे व्हिडिओ-ऑडिओचं टूल चालवलं, काम झालं. पण बाहेर आलेली फाइल बदलायला गेलं की ‘परमिशन डिनाइड’. कर्नल (लिनक्सचा गाभा) वापरकर्त्याचं नाव बघतच नाही, फक्त युआयडी, म्हणजे वापरकर्त्याचा ओळख क्रमांक बघतो. नेहमीच्या डॉकरमध्ये कंटेनरमधला ० म्हणजे होस्टवरचाही (मूळ मशीनवरचाही) ०, म्हणजे रूट, सर्वाधिकार असलेला वापरकर्ता.

सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळे हक्क) मारू नका. पुढची फाइल पुन्हा रूटचीच येणार.

‘आयडी’ कमांडने आपले क्रमांक बघा (उबंटूवर पहिल्या वापरकर्त्याचा बहुधा १०००) आणि डॉकर रनला ‘युजर’ पर्यायात १०००:१००० (वापरकर्ता:गट) द्या. आधी बिघडलेल्या फायलींवर सुडोने (रूटच्या अधिकाराने) एकदाच चाउन, म्हणजे मालक बदलण्याची कमांड, चालवा.

खरी गोची यानंतर होते. इमेजच्या (कंटेनर ज्यातून बनतो त्या साच्याच्या) पासवर्ड फाइलमध्ये, म्हणजे वापरकर्त्यांच्या यादीत, १००० ची नोंद नसेल, तर होम थेट मुळाच्या फोल्डरवर (/) जातं आणि कॅश लिहिणारं टूल तिथे अडकतं. होम व्हेरिएबल टेम्प फोल्डरकडे वळवलं की सुटतं.

फेडोरावर क्रमांक जुळूनही नकार आला, तर तो एसईलिनक्सचा, म्हणजे लिनक्सच्या जादा सुरक्षा नियमांचा. माउंटच्या शेवटी कोलन आणि मोठा झेड लावा. फक्त प्रोजेक्टच्या फोल्डरला, अख्ख्या होमला कधीच नाही. रूटलेस पॉडमनमध्ये (डॉकरसारखं, पण रूटच्या अधिकाराशिवाय चालणारं साधन) क्रमांक सरकलेले असतात, तिथे ‘युजरएनएस’ला ‘कीप-आयडी’ द्या.