गच्चीवरच्या सोलरला वायर किती जाड आणि एमसीबी किती अँपिअरचा?

सोसायटीत सोलर घ्यायचं ठरलं की पॅनल कुठल्या कंपनीचं यावर मिटिंगमध्ये तासभर वाद होतो आणि वायर आणि एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) मात्र वायरमनवर सोपवून सगळे मोकळे, असं करू नका प्लीज, जळतं ते तिथेच.

५ किलोवॅटची सिंगल फेज सिस्टीम धरू, ५४० वॅटची १० पॅनल एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेली.

आधी डीसी बाजू, म्हणजे पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंत (डीसीचा एसी करणारी पेटी). पॅनलच्या मागच्या लेबलवर Isc (शॉर्ट सर्किट करंट) शोधा, अशा पॅनलला साधारण १४ अँपिअर असतो. त्याला १.२५ ने दोनदा गुणा, एकदा कडक उन्हासाठी, एकदा तासन् तास सलग चालणार म्हणून. आले जवळपास २२, म्हणजे २५ चा एमसीबी, आणि लेबलवरच्या मॅक्सिमम फ्यूजच्या आकड्यापेक्षा तो मोठा नको. ४ स्क्वेअरची (म्हणजे ४ चौरस मिमी जाडीची) टिन केलेली सोलर केबल पुरते, समुद्राच्या हवेत साधं तांबं लवकर काळं पडतं. एकच स्ट्रिंग असेल तर शॉर्ट झालं तरी १४ च्या आसपासच करंट येतो, त्यामुळे हा एमसीबी पडणार नाही, तो हाताने बंद करण्यापुरता आहे. तीन किंवा जास्त स्ट्रिंग पॅरलल असतील तर प्रत्येकीला फ्यूज हवाच.

आणि एमसीबी डीसीचाच हवा!! मुंबईत लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, घेताना व्होल्टेज वाचून घ्या, १० पॅनलचे ५०० व्होल्ट होतात, थंडीत थोडे जास्त, म्हणून किमान ६०० डीसी लिहिलेला बघा. एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती विझतच नाही. प्लस-मायनसच्या खुणा असतील तर तशाच जोडा.

आता एसी बाजू, म्हणजे इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंत, मुंबईत खरी गडबड इथे होते कारण इन्व्हर्टर गच्चीवर आणि मीटर रूम तळमजल्यावर. ५००० भागिले २३० म्हणजे २२ अँपिअर, गुणिले १.२५ म्हणजे २७, एमसीबी ३२ चा. २५ चा लावला तर गच्चीवरच्या तापलेल्या बॉक्समध्ये तो भर दुपारी पडत राहील. वायरची क्षमता मात्र ३२ पेक्षा जास्तच हवी कारण एमसीबी वायरला वाचवायला असतो, आणि डक्टमध्ये बाकीच्या केबल्सबरोबर कोंबली की ती क्षमता घटते.

मग लांबी, कारण लांब वायरमध्ये व्होल्ट पडतात. ४० मीटर अंतर असेल तर २ (जायची-यायची वायर) × ४० × २२ × ०.०२ (तांब्याचा रोध) भागिले वायरचा स्क्वेअर. ६ ला जवळपास ६ व्होल्ट, १० ला साडेतीन. सोलरमध्ये हे व्होल्ट इन्व्हर्टरकडे वाढून दिसतात, दुपारी ग्रिडचं (बाहेरून येणाऱ्या सप्लायचं) व्होल्टेज आधीच चढलेलं असेल तर तो ओव्हरव्होल्टेज दाखवून बंद पडतो आणि लोक कंपनीला फोन करत बसतात. मी १० च सांगेन.

चालू झाल्यावर भर उन्हात इन्व्हर्टरच्या स्क्रीनवरचं आणि मीटर रूममधलं व्होल्टेज एकाच वेळी बघा, फरक चारच्या वर गेला तर लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) आणि जॉइंट उघडून तपासून घ्या, अर्थात सप्लाय बंद करूनच.